दोराला तीन हिसके

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. दोर माझ्याच हातात होता.

आणि रात्रही नव्हती. मे महिना, २००३, दुपारचे बारा. वडवणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याची विहीर. भुताला अमावस्या लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढं वाचू नये.

मी तेव्हा वडवणीत एका सहकारी संस्थेच्या दुकानात पंप विकायचो. विकायचो कसला, भांडायचो. प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठा पंप हवा, मग विहिरीत बादलीभर पाणी का असेना. म्हणून माझा नियम होता, विहीर स्वतः मोजल्याशिवाय पंप द्यायचा नाही.

त्या दुष्काळात उत्तरेश्वर आला. चार शेतकऱ्यांनी मिळून पाणी संस्था काढली होती, एक जुनी विहीर घेतली होती. हा तरणा गडी त्यांचा चेअरमन. त्याची मोसंबी डोळ्यांदेखत वाळत होती.

"डिझेल इंजिन द्या," म्हणाला. "लाइट चार तास बी ऱ्हात न्हाई."

"पाणी किती खोल आहे?"

"हाय की लई खोल. त्याचं काय?"

मी कपाळावर हात मारला. वर ठेवलेलं इंजिन पंचवीस फुटांखालचं पाणी ओढत नाही. मग लोक इंजिनच विहिरीत उतरवतात, आतल्या टप्प्यावर ठेवून चालू करतात. धूर आत कोंडतो. खाली गेलेला माणूस वर येत नाही.

दुसऱ्या दिवशी मोजायला गेलो. उत्तरेश्वर चहा आणायला वस्तीवर गेला. लांब बाभळीखाली एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती.

विहिरीत पारवे असतातच. इथं एकही नव्हता.

आमच्याकडे खोली परसात मोजतात. एक परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. माझ्या दोराला दर परसाला गाठ होती. दगड बांधून आत सोडला.

एक... दोन... पाच...

सहाव्या गाठीला दोर सैल पडला. टप्प्यावर अडकला असेल, म्हटलं.

मग... दोर हलला.

एक हिसका.

दोन.

तीन.

विहीर खोदणाऱ्यांची ही जुनी खूण. तीन हिसके म्हणजे, मला वर ओढा.

वाकून पाहिलं. आत कुणी नव्हतं.

तरी मी ओढलं. भार लागला. माणसाएवढा. दोन परस वर आला... आणि एकदम हलका झाला.

दगड वर आला. त्याच्यावरचा हातभर दोर काळा पडला होता. वास घेतला. जळक्या डिझेलचा.

"तीनदा हालला का?"

म्हातारी कधी मागं येऊन उभी राहिली, कळलंच नाही. मालनबाई तिचं नाव.

"माजा मालक हाय त्यो, शहादेव. बाहत्तरच्या दुष्काळात इंजिन घिऊन उतरला व्हता. लोक म्हणत्यात पाय घसरला. न्हाई बाबा, धुरानं गेला. दोर म्याच धरला व्हता. तीन हिसके आले. पर मला एकटीला वढंना."

उत्तरेश्वर चहा घेऊन आला. मी चहा घेतला, दोर गुंडाळला. दुकानातला शिकला-सवरला माणूस मी, भुताचं सांगितलं असतं तर वडवणीभर हसले असते.

दोन दिवसांनी तो दुकानात आला. मी म्हणालो, "इंजिन शिल्लक नाही. सबमर्सिबल घ्या, पंपच पाण्यात सोडायचा."

"मंग त्ये कोपऱ्यात काय हाय?"

"विकलंय ते."

"कावून खोटं बोलता, साहेब?"

मी रजिस्टर उघडून बसलो. निदान धुराचं तरी सांगायचं. तेही सांगितलं नाही.

त्यानं दुसरीकडून जुनं इंजिन आणलं. आठवड्यात बातमी आली.

भेटायला गेलो. त्याची बायको सत्यभामा भिंतीकडं बघत बोलत होती.

"दोर तीनदा हालला, भाऊ. म्या ओरडले, वढलं... नुसता दोर आला."

मी तिच्यासमोर बसून रडलो. का रडतोय ते मात्र तिला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेच्या उरलेल्या तिघांनी मला बोलावलं. सबमर्सिबल बसवायचा होता. ते पलीकडं बाभळीखाली बसले. मालनबाई त्या थंडीतच गेली होती.

मी दोर सोडला. सहावी गाठ.

एक... दोन... तीन.

हाताला घाम सुटला. दोर शांत झाला. म्हटलं, संपलं.

मग पुन्हा...

एक.

दोन.

तीन.

या वेळचे हिसके जोराचे होते. तरण्या माणसाचे.

मी ओढलं नाही. दोर हातातून सोडून दिला. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही.

आज मी पंप विकत नाही. बारा वाजले की तळहात अजून घामेजतात. मालनबाईला एकटीला ओढवलं नव्हतं, सत्यभामालाही नाही. माझ्या हाकेच्या अंतरावर तीन धडधाकट माणसं बसली होती.

मी एकालाही हाक मारली नाही.