न उडालेला तिसरा बार

ही हकीकत मी शेजारच्या आर्विदकाकांच्या तोंडून तीनदा ऐकली. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं बोलणाऱ्याला दर वेळी थोडं मीठ-मसाला लावावासा वाटतोच. काकांनी कधी लावला नाही.

म्हणूनच मला ती खरी वाटते. आणि म्हणूनच भीती वाटते.

तारीख होती २ डिसेंबर १९९६. सोमवार. जागा आमचंच गाव, अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेचं, तांब्याच्या बंद खाणींचं. हरणांच्या शिकारीचा हंगाम दोन दिवसांपूर्वी संपला होता. रान गप्प झालं होतं.

आर्विद लाहतेला तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे. घरामागच्या शेडमध्ये बसून जुन्या बंदुकींची किंमत ठरवायचे. शंभर-शंभर मैलांवरून लोक यायचे, कारण काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी "माझ्या आज्याने हिने अस्वल मारलं" असं सुरू केलं की काका हात वर करायचे.

"गोष्ट फुकट आहे. मी बंदूक बघतो."

विकायच्या आधी हौसेने घासूनपुसून चकचकीत केलेली बंदूक आली, की त्यांचं डोकंच फिरायचं. मूळची निळी झिलई गेली की निम्मी किंमत गेली. "केस काळे करून बोहल्यावर चढलाय म्हातारा," म्हणायचे.

तर त्या सोमवारी दुपारी तीनला इम्पी रिंताला आली. साठीची, बिनलग्नाची. सगळा जन्म आईचं करण्यात गेला. आई त्या उन्हाळ्यात गेली आणि इम्पी घर विकून मिलवॉकीला बहिणीकडे निघाली होती.

तिच्या हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

"आर्विद, किंमत सांग. ओळखीची म्हणून दोन डॉलर वाढवू नकोस."

"मी कधी कुणाला वाढवून दिलेत का गं?"

तिने घोंगडी उलगडली.

जुनी तीस-तीस रायफल. आठकोनी नळीची. खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की पुढचं काडतूस वर चढतं, तसली. नव्वद वर्षांची तरी असावी. उजव्या बाजूला मूळची झिलई, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड अजून लोण्यासारखं. हा माल पंधराशे डॉलरचा.

मग काकांनी ती उलटी केली...

डावी बाजू गंजाने खाल्ली होती. नळीपासून दस्त्यापर्यंत. सबंध हिवाळा बर्फात एका कुशीवर पडून राहिलेली बंदूक.

कुणाची, हे विचारायची गरज नव्हती.

"सुलोची," इम्पी म्हणाली. "बाबांनी सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, माळ्यावर टाकली होती. कुणाला हात लावू दिला नाही."

काकांनी लिव्हर ढकलून पाहिली. हलेना.

"शेरीफलाही उघडली नव्हती," ती म्हणाली.

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी किंमत सांगत नाही. तेल सोडून ठेवतो. गुरुवारी ये."

ती दारापर्यंत गेली. थांबली.

"आर्विद... दोनच बार झाले होते ना रे?"

"दोनच," काका म्हणाले. "मोजून."

"बरं," म्हणाली, आणि गेली.

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रानात वाट चुकलास तर सारख्या अंतराने तीन बार काढ. तीन म्हणजे 'मला शोधा'. ऐकणाऱ्याने उलट एक काढायचा. एक म्हणजे 'ऐकलं, येतोय'.

आणि दोन? दोन म्हणजे कुणाला तरी हरीण मिळालं. एक लागला, दुसऱ्याने संपवलं.

१९५३ च्या हंगामाचा पहिलाच दिवस होता. सुलो रिंताला, इम्पीचा थोरला भाऊ, वय चोवीस, काकांचा जिवाभावाचा दोस्त. आदल्या दिवशी बापाशी कडाक्याचं भांडण करून रानातल्या शिकारीच्या कॅम्पवर आलेला. 'मी डेट्रॉइटला जातो, तुमचं तोंड बघणार नाही,' असं म्हणून. सकाळी एकटाच सीडरच्या झाडांच्या दलदलीकडे गेला. दुपारी बर्फ सुरू झाला. सव्वाचारच्या सुमाराला कॅम्पमधल्या चौघांना आवाज आला.

दोन बार.

सुलो परतला नाही. बाप म्हणाला, गेला असेल डेट्रॉइटला, जाऊ दे मसणात. एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा तो सीडरच्या बुंध्याशी टेकून बसलेला सापडला. कॅम्पपासून मैलभरावर.

गावाने हिशेब लावला. हातात बंदूक होती आणि तीन बार काढले नाहीत. म्हणजे याला सापडायचंच नव्हतं. म्हणजे पोरगा मरायलाच गेला होता.

हे ऐकत त्याची आई त्रेचाळीस वर्षं जगली.

आणि 'दोनच' ही साक्ष आर्विदकाकांची होती. कॅम्पमध्ये सगळ्यात तिखट कान त्यांचे.

इम्पी गेल्यावर काकांनी बंदूक पकडीत आवळली. रिकामी आहे असं डोळ्यांनी दिसेपर्यंत ती भरलेलीच समजायची, हा त्यांचा नियम. म्हणून नळीचं तोंड वाळूच्या बादलीकडे केलं. सांध्यांत तेल सोडलं. शेगडीत लाकूड टाकलं आणि पाठ करून कॉफी ओतायला गेले.

तेवढ्यात...

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद झाली.

शेगडीतलं लाकूड तडतडत होतं, ते गप्प झालं. त्यांचा काळा कुत्रा मुस्ती उठला, पोट जमिनीला घासत टेबलाखाली जाऊन बसला.

घड्याळात सव्वाचार.

ठो...

लांबून. दलदलीच्या बाजूने.

ठो...

काका कप हातात धरून उभे. तिसऱ्याची वाट बघत. सवयच ती.

तिसरा आला नाही.

त्याऐवजी पाठीमागे, शेडमध्येच, अगदी बारीक...

टक्.

वळून पाहिलं. कुणी नाही. घड्याळ पुन्हा चालू झालं होतं.

"हंगाम संपला तरी बार काढतायत, मेले चोर," जेवताना ते बायकोला म्हणाले.

"कुठले बार?" लेम्पीकाकू म्हणाल्या. "मी तर बाहेरच होते, लाकडं आणत. काही नाही वाजलं. कानाचं यंत्र घे म्हणते तर ऐकत नाहीस म्हाताऱ्या."

मंगळवारी काका सव्वाचारच्या आधीच शेडच्या दारात उभे राहिले. मुस्ती आत यायलाच तयार नव्हता.

टिकटिक थांबली.

ठो...

ठो...

आणि मागे...

टक्.

टक्.

टक्.

काकांना तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. पन्नास वर्षं त्यातच गेली होती. घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, चाप दाबायचा, घोडा पडतो आणि बार उडत नाही. तो आवाज.

त्यांना मान वळवता येईना. ते मोजत राहिले. नऊ वेळा. शेवटी शेवटी दोन टक्-मधलं अंतर वाढत गेलं. बोटं बधिर झालेला माणूस काढेल तसं.

मग थांबलं.

वळले. घोडा खाली होता, जसा होता तसाच. पण शेगडीपासून तीन हातांवरची ती बंदूक गोठलेल्या दवाने पांढरी पडली होती. दस्त्यावर पाच बोटांएवढी जागा फक्त कोरडी.

त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. लेम्पीकाकूंनी केलेली मटण-बटाट्याची गरम पास्टी तशीच ताटात निवली.

बुधवारी सकाळी लिव्हर सुटली. करकरत, हळूहळू.

आतून एक काडतूस बाहेर आलं.

सबंध. न उडालेलं. ओल लागून हिरवट पडलेलं.

काकांनी ते उजेडात धरलं. बुडाला तांब्याची बारीक टोपी असते, तिच्यावर घोड्याची सुई आपटली की बार उडतो. भिंग लावलं.

टोपीवर खड्डा होता. त्यावर दुसरा. त्याला खेटून तिसरा. पाच मोजता आले. पुढचे एकात एक मिसळले होते.

म्हणजे दोन बार काढून सुलोने तिसरं काडतूस चढवलं होतं. ते ओलं निघालं. लिव्हर बर्फाने अडकली, काडतूस बाहेर निघेना. म्हणून तो तोच घोडा पुन्हा ओढत राहिला. पुन्हा. पुन्हा.

तो तिसरा बार काढत होता. जीव जाईपर्यंत.

काका त्या टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले. त्यांनीच मला सांगितलं हे.

कारण एक गोष्ट त्यांनी शेरीफला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

१९५३ च्या त्या संध्याकाळी दोन बार ऐकल्यावर कॅम्पमधल्या चौघांपैकी म्हातारा वेनो उठला होता. 'मला ठीक वाटत नाही, बघून येतो,' म्हणत त्याने एक बूट पायात घातलासुद्धा होता. आणि आर्विद म्हणाले होते, "दोनच झाले वेनो. कुणाला तरी हरीण मिळालं. बस खाली, पत्ते वाट."

वेनोने बूट काढला.

त्या काडतुसाकडे बघताना काकांच्या मनात पाप आलं. सरोवरात टाकून द्यावं. कुणाला कळणार? इम्पीला अडीचशे डॉलर सांगायचे, ती मिलवॉकीला जाईल, संपलं.

सव्वाचारला पुन्हा दोन बार झाले.

आणि टक्, टक् मोजता मोजता काकांनी ठरवलं.

गुरुवारी इम्पी आली. काकांनी तिला बसवलं, कॉफी दिली आणि काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं. भिंग दिलं. सगळं सांगितलं. वेनोचा बूटही सांगितला.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. काडतूस मुठीत घट्ट धरून बसली.

"आई दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची," शेवटी ती म्हणाली. "पुढे बसायची लाज वाटायची तिला. माझ्या पोराने स्वतःचा जीव घेतला म्हणून. सहा महिने आधी सांगितलं असतंस तर पुढे बसली असती रे."

काकांनी बंदूक घोंगडीत गुंडाळायला घेतली.

"किंमत सांग."

"गंज नसता तर पंधराशे. अशी अडीचशे." मग त्यांनी मान वर केली. "इम्पी, मला रोज ऐकू येतं. सव्वाचारला. दोन बार."

तिने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत आले होते.

"मग बसलायस काय?" ती म्हणाली. "वेनोला तू बूट काढायला लावलास ना? आता तू घाल."

काकांनी बूट घातले. भिंतीवरची स्वतःची बंदूक उचलली. दार उघडलं.

बाहेर बर्फ पडत होता. त्या दिवशी पडत होता तसाच, मोठाले पुंजके, सरळ खाली. ते दलदलीच्या दिशेने चालू लागले. गुडघ्यापर्यंत पाय जात होते.

मग स्वतःच्या पावलांचा आवाज यायचा बंद झाला...

ठो...

जवळ. खूप जवळ.

ठो...

काका दलदलीच्या कडेला उभे राहिले. समोर सीडरची झाडं. आत अंधारून आलेलं.

"सुलो!" ते ओरडले. "ऐकलं रे! तीन ऐकले! मी आर्विद!"

काहीच नाही.

आणि मग...

ठो!

तिसरा.

काकांनी बंदूक वर केली आणि आभाळात एक बार काढला. ऐकलं. येतोय.

झाडांवरचा बर्फ भुरभुरला. दलदलीत कुणीतरी उठून उभं राहावं तशा फांद्या मोडल्या.

काका मागे फिरले. धावत, पडत. त्या वयात, त्या बर्फात. मागे वळून पाहिलं नाही.

इम्पी शेडच्या दारात उभी होती. तोंड पांढरंफटक.

"ऐकलास?" काकांनी विचारलं.

"एकच," ती म्हणाली. "तुझ्या बाराच्या आधी. एक." आणि तिने मूठ उघडली.

त्या मुठीत तिने काडतूस आवळून धरलं होतं. आता त्याची नुसती पोकळ नळी होती. गोळी नाही. तोंड काळं पडलेलं, दारूचा वास येणारं. तळहातावर गोल भाजल्याचा डाग.

इम्पी मिलवॉकीला गेली. जाण्याआधी ती नळी तिने आईच्या थडग्यात पुरली. बंदूक न्यायला तयार झाली नाही.

"पैसे नकोत. राहू दे तुझ्याकडे," म्हणाली. "बोलावणं तुला होतं."

तेव्हापासून दलदलीतून बार ऐकू आला नाही. एकदाही नाही.

पण मी काकांच्या शेजारी अकरा वर्षं राहिलो. पहिला बर्फ पडला की ते रोज चार वाजता बूट घालून दाराशी बसायचे. काळोख पडेपर्यंत काढायचे नाहीत. लेम्पीकाकू चिडायच्या, लादी ओली होते म्हणून.

"आता तर आवाज येत नाही ना काका?" मी एकदा विचारलं.

"तेच तर," ते म्हणाले. "मी एक बार काढला. एक म्हणजे 'येतोय'. आणि कडेपर्यंत जाऊन पळून आलो." त्यांनी बुटाची नाडी पुन्हा घट्ट केली. "तो अजून थांबलाय रे. या वेळी तर त्याला माहीत आहे, मी ऐकलंय म्हणून."