अक्काताईच्या मेंढरांना लस

निपाणी सोडून तवंदीच्या घाटाला लागलं की एक वळण येतं. वैशाखातल्या एका दुपारी त्या वळणावर भावकू आणि अक्काताई पहिल्यांदा भेटले… म्हणजे भावकू चरीत पडला होता आणि अक्काताई काठावर उभी होती.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. भावकू बेळगावजवळच्या अनगोळचा, गुरांच्या दवाखान्यात लस टोचणारा म्हणून नुकताच लागलेला. चिकोडीच्या बाजूला मेंढरांच्या देवी उठल्या होत्या आणि वणव्यासारख्या एका कळपातून दुसऱ्यात चालल्या होत्या. ज्या कळपांत त्या अजून शिरल्या नव्हत्या, तिथं आधी टोचून या म्हणून साहेबांनी त्याला सायकलवर धाडलं होतं. गळ्यात बर्फ भरलेला थर्मास आणि थर्मासात लसीच्या कुप्या. बर्फ आहे तोवर लस, बर्फाचं पाणी झालं की लसीचंही पाणीच.

वळणावर समोरून मेंढरं आली. त्यांच्या पुढं एक काळा एडका होता, आणि त्याला सायकलचं चाक मुळीच आवडलं नसावं. भावकू थांब, थांब म्हणत राहिला. एडका यायचा तो आलाच. सायकल एकीकडं, भावकू दुसरीकडं. पण यमुनेत शिरलेल्या वसुदेवासारखा त्याचा डावा हात वर होता आणि हातात थर्मास होता.

एडका पुन्हा मागं सरला, मान खाली घातली… तेवढ्यात कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "निल्लु." एडका जागच्या जागी उभा राहिला.

"त्याला मराठी कळत न्हाय," काठावरून आवाज आला. "गोकाकच्या बाजारातनं आणलाय."

भावकूनं वर पाहिलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, ओठ घट्ट मिटलेले… आणि डोळे मात्र पोटभर हसत होते.

"चहा सांडला काय?" तिनं थर्मासाकडं बघत विचारलं.

"चहा न्हाय. मेंढरांच्या देवीचं औषध हाय."

तिच्या डोळ्यांतलं हसू कुठंतरी गेलं. मग तिनं काठीचं टोक पुढं केलं. "धरा. वर या. आमच्या वाड्यावर चला."

उजव्या हातानं काठी धरायला गेला तेव्हा भावकूला कळलं की मनगट मुरगळलंय.

तिच्या बापाचा, भरमा धनगराचा, वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, जवळच जिनाप्पा पाटलाच्या रानात बसला होता. तंबाखू निघालेलं मोकळं रान. खतासाठी तिथं रोज मेंढरं बसायची. भरमानं पाहुण्याचं आगतस्वागत केलं. त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं, मनगटावर आंबेहळदीचा लेप घातला, भाकरी आणि ताजं दूध पुढं ठेवलं. भावकू आपल्यातलाच, धनगराचाच निघाला, याचा भरमाला आनंद झाला. भावकूच्या आज्यानं मेंढरं विकून अनगोळात घर बांधलं हे ऐकून तेवढंच वाईटही वाटलं. लसीचं नाव काढल्यावर मात्र तो आदबीनं नाही म्हणाला.

"देवी म्हंजे आई. आई घरात याय निघाली आन आपण दारात सुई घिऊन उभा ऱ्हायचं… हे बरं दिसत न्हाय, डॉक्टर."

भावकूनं साहेबांनी शिकवलेलं सगळं सांगून पाहिलं. भरमा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता आणि शेवटी पुन्हा नाहीच म्हणत होता.

तेव्हा अक्काताई बोलली. ती आदल्या दिवशी मामाच्या वाड्यावर जाऊन आली होती. पण काय पाहिलं ते तिनं घरात सांगितलं नव्हतं, कारण सांगायला लागली की रडू येत होतं. डोळे चिकटून गेलेली कोकरं… सडांवर फोड आलेल्या आणि पोराला जवळ न घेणाऱ्या मेंढ्या…

"मामाच्या वाड्यात आई यिऊन गेली, आप्पा," ती म्हणाली. "एक कोकरू ठेवलं न्हाय."

भरमा म्हणाला, बिरोबाला कौल लावू. उजवं फूल पडलं तर टोचायचं, डावं पडलं तर डॉक्टरांनी दूध पिऊन वाटेला लागायचं.

लिंबाखालच्या ओट्यावरल्या शेंदरी दगडावर दोन ओली फुलं चिकटवली. सगळे हात जोडून बसले. फुलं काही पडेनात. ऊन कलायला लागलं. भावकू मधूनच थर्मास कानाशी नेऊन हलवायचा. मघाशी आत खडखड वाजत होतं, आता डुबुक डुबुक वाजत होतं. त्याच्या तोंडाकडं बघून अक्काताईला हसू येत होतं. ती पाणी बघून येते म्हणून उठली आणि लगेच परत येऊन बसली.

थोड्या वेळानं एक करडी शेळी डुलत डुलत आली, पुढचे दोन पाय ओट्यावर ठेवले आणि उजवं फूल खाऊन टाकलं.

असा कौल भरमाच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाला नव्हता.

"आता ह्याचा अर्थ काय लावायचा?" त्यानं शेवटी विचारलं.

"टोचून कुणाला घ्यायचंय?" अक्काताई शांतपणे म्हणाली. "शेरडा-मेंढरांना. देवानं त्यांच्यातल्याच एकीला इचारलं. तिनं उजवं उचाललं."

भरमानं ते उलटसुलट करून पाहिलं, पण त्यात खोट काही सापडेना. गुणाबाईनं पदर तोंडाला लावला होता, भक्तीनं की कशानं ते दिसत नव्हतं.

मग घाई उडाली. थर्मासात बर्फाचे चार खडेच उरले होते. भरमा एकेक मेंढरू पकडून आणी, अक्काताई शेपटी वर धरी, आणि शेपटीच्या आतल्या, लोकर नसलेल्या जागी भावकू सुई लावी. उजवा हात सुजलेला, आणि डाव्याला सवय नाही. सुई थरथरायला लागली तशी अक्काताईनं आपला तळवा त्याच्या मनगटाखाली धरला. थरथर थांबली… म्हणजे हाताची थांबली.

"शेळी सुटली कशी?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"दाव्याची गाठ सैल हुती."

"कुणी बांधलती?"

"मीच."

दोघंही पुढच्या मेंढराकडं वळले.

खरी पंचाईत नावाची होती. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण, मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण. धरा म्हणून सांगायला हाक मारायची तर दर वेळी तिला दोनदा बहीण करावं लागत होतं. आणि जसजशी मेंढरं सरत होती तसतसं भावकूला ते जड जात होतं.

"अक्का… ताई… हिला जरा…"

"एवढं अडखळताय कशाला?"

"मग काय म्हणून हाक मारू?"

"मारू नका हाक," ती शेपटीकडंच बघत म्हणाली. "नुसतं इकडं बघा. मला कळतंय."

तेवढ्यात वळीव आला. टपोरे थेंब, मातीचा वास, तंबाखूच्या खुंटांवर तडतड. अक्काताईनं घोंगडीची खोळ करून थर्मासावर धरली. थर्मास भावकूच्या गळ्यात असल्यानं भावकूही आपोआप खोळीत आला. लोकरीचा ओला वास, तिच्या कपाळावरून ओघळणारं पाणी… त्याला वाटलं, अजून शे-दोनशे मेंढरं तरी असायला हवी होती.

शेवटी काळा एडका उरला. अक्काताईनं त्याची शिंगं धरून कानात कानडीत काहीतरी सांगितलं. भावकूनं डोळे मिटून सुई टोचली. धनगराचं पोर आणि एडक्याला भितंय, असं म्हणून भरमा पोट धरून हसला.

पण काही दिवसांनी त्याचं हसणं मावळलं. एडक्याला ताप भरला, त्यानं वैरण सोडली. आई कोपली, हे असंच होणार होतं, असं भरमा येईल त्याला सांगू लागला. निरोप मिळताच भावकू आला. लस लागली की थोडा ताप येतो, दोन दिवसांत उतरेल, असं त्यानं सांगितलं; पण सांगून निघून गेला नाही. ज्याच्या वाऱ्याला उभं राहायला तो घाबरत होता, त्याच्याजवळ दिवसभर मांडी घालून बसला. शेवरीचा कोवळा पाला तोंडाशी धरून "तिन्नु, तिन्नु" म्हणत राहिला, म्हणजे खा, खा. अक्काताई पाणी भरता भरता बघत होती. ऊन उतरता उतरता एडक्यानं पाल्याला तोंड लावलं. तिच्या मनाचं काय व्हायचं ते तिथंच झालं.

देवी आजूबाजूच्या वाड्यांतून फिरून गेल्या. मामाचा कळप अर्धा झाला. भरमाची मेंढरं उभी राहिली.

भावकू मात्र येतच राहिला. टोचल्या जागची सूज बघायला, मग सूज उतरली का बघायला, मग उतरलेली सूज परत आली नाही ना ते बघायला.

"एवढं काय तपासतोय ह्यो?" भरमानं बायकोला विचारलं.

"त्याला जे झालंय ते मेंढरांच्या शेपटीखाली दिसायचं न्हाय," गुणाबाई म्हणाली. भरमाला काही उमगलं नाही.

मग ज्येष्ठ लागला. पावसाच्या आधी भरमा मेंढरं घेऊन पूर्वेला, गोकाककडच्या कोरड्या माळाला निघणार होता. त्याच आठवड्यात भावकूची बदली झाली. पश्चिमेला, खानापूरच्या जंगलात, गुंजीला. हे सांगायला तो सकाळीच आला. पालं उतरवायचं काम चाललं होतं. अक्काताई मेंढरं कोंडायच्या वाघरांची जाळी गुंडाळत होती. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. बदलीचं सांगितलं.

तिनं जाळ्याची एक घडी घातली… दुसरी घातली…

"गुंजीला पाऊस लई असतोय म्हणं?"

"लई. चार-चार म्हयनं घराभाईर पडाय येत न्हाय."

"मग एवढं घरात बसून करायचं काय?"

भावकूचे कान लाल झाले. पण आज तो अडखळला नाही.

"तुमी बोलत बसा," तो म्हणाला. "मी ऐकत बसतो. जलमभर."

तिच्या हातातली घडी सुटली. ती पुन्हा घालण्याच्या भानगडीत न पडता ती सरळ बापापुढं जाऊन उभी राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "मला पावसाचं भ्या वाटत न्हाय."

भरमानं गोंधळून वर पाहिलं. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. कपाळावर हात धरून तो चारी दिशा न्याहाळू लागला.

"आवं, वर काय बघताय?" गुणाबाई पालाची दोरी सोडता सोडता म्हणाली. "म्होरं बघा. जावई उभा हाय."