काठीवरचा चुना

चंद्राबाईनं काठी अंगणात ठेवली आणि लांब जाऊन बसली. हात रिकामे, कपाळ मोकळं. नवरा चिमाजी बुडाल्याचं कळल्यापासून तिला रडूच आलं नव्हतं.

"ही त्यांचीच. मागल्या दिवाळीला भाटघरच्या धरणावर कामाला जाताना नेली व्हती. तवा मुठीला दोरी नव्हती. आता भावजी म्हंत्यात, उद्या घर मोकळं कर."

मानसिंगराव पूर्वी कोकणातल्या बंदरावर जकातीत होते. आता भोरात लोकांची कोडी सोडवत. हिर्डोशीला चंद्राबाईच्या घरापर्यंत चालून त्यांच्या सोबत्याचे, आबाचे, पाय मोडून आले होते.

काठीच्या खालच्या वीतभर भागाला पांढऱ्या चकत्या चिकटल्या होत्या, विळ्यानं खरवडलेल्या. फटीत एक वाळकी गोगलगाय आणि नाचणीच्या दाण्याएवढा खेकडा. मुठीला कोरी काथ्याची दोरी, उलटी गुंडाळलेली.

"चुना असेल," आबा म्हणाला.

"खेकड्यासकट? वा रे चुना!"

तेवढ्यात दीर गेनू आला. "पंधरा दिस झालं. धरणावर दादाचा पाय घसरला, मढं बी गावलं न्हाई. आठ दिस काठी पान्यातच व्हती, म्याच काडली."

"कधी घाट उतरून कोकणात गेलास?"

"जल्मात न्हाई."

"दादा उजवा की डावरा?"

"डावरा. का वं?"

"गेनू, ही कालवं. खाऱ्या पाण्यातल्या खडकावर धरतात, भाटघरात नाही. एकावर एक चिकटतात. ओहोटीला त्यांच्या फटीत ओल राहते, म्हणून खेकडे, गोगलगायी तिथं आसरा घेतात. नुसत्या लाकडावर ती टिकली नसती. एवढी वस्ती व्हायला आठ दिवस नाही, महिने लागतात. काठी समुद्रकाठी पाण्यात रोवलेली होती, म्हणून कालवं फक्त खाली. तू शिंपले खरवडलेस, बुडं राहिली."

"पण माणूस तिथं बुडाला असेल की!" आबा म्हणाला.

"मग दोरी कोरी कशी? आणि गुंडाळी डावऱ्या हाताची. काठी पाण्याबाहेर आल्यावर चिमाजीनं ती नुकतीच बांधलीय. तो जिवंत आहे."

गेनूनं काठीकडं बोट केलं. "महाडच्या बाजारात दिली त्यानं. तिकडं दुसरं घर केलंय. म्हनला, म्या मेलो म्हनून सांग, घर-जमीन तुला. शिंपलं खरवडल्यावर ऱ्हायलेलं पांढरं मला बी चुनाच वाटलं."

आता बाई हंबरडा फोडणार, असं आबाला वाटलं. चंद्राबाईनं काठी उचलून शेळ्यांच्या फाटकाला आडवी लावली.

"घर म्या सोडनार न्हाई, भावजी."

"नगं सोडू. कुकू लाव, वैनी. दादा जित्ता हाय."

"न्हाई. माझ्यापुरता त्यो भाटघरातच बुडला," ती म्हणाली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली.