वेशीपाशी उतरायचं

ही गोष्ट खरी आहे. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे लिहायची मला लाज वाटते. पण खरी आहे.

साल १९३९. निजामाचं राज्य. मार्गशीर्षातली पंचमी. अमावस्या नव्हती, मध्यरात्रही नव्हती. दिवेलागणीची वेळ होती आणि पाहुणे चहा पीत होते.

गाव भालकी तालुक्यातलं, जहागिरीचं. नाव सांगत नाही. जहागीरदारांचे नातू वकील आहेत.

माझ्या आईचे मामा, राघोबा, त्याच तालुक्यातल्या मेहकरचे. वय बावीस. त्या हंगामात त्यांना वाटाड्याची नोकरी लागली. हैदराबादेहून पाहुणे यायचे. त्यांना घोड्यांवरून माळ, ओढे, काळविटांचे कळप दाखवायचे आणि संध्याकाळी परत आणायचं. दिवाळी ते शिमगा. मामांना बसायला स्वतंत्र घोडी मिळाली, बिजली. त्यांच्या घरातलं कोणी त्याआधी घोड्यावर बसलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

कारभारी वीरभद्रप्पाने एकच नियम सांगितला.

"येशीपाशी चिंच हाय. तिथं उतरायचं. आत पायी."

"कामून?"

"गढीम्होरनं नोकर घोड्यावर बसून जात न्हाई. पाहुणे पुढं जातील. तू लगाम धरून मागनं ये."

पहिल्या संध्याकाळी बिजली चिंचेखाली आपणहून थांबली. मामा उतरले. लगाम ओढला.

घोडी हलेना.

मग... खोगीर करकरलं. कोणी वर बसल्यावर करकरतं, तसं.

घोडीची पाठ जराशी दबली. आणि ती चालू लागली.

मामांनी वळून पाहिलं. खोगीर रिकामं. डावी रिकीब चालीबरोबर हिंदकळत होती.

उजवी मात्र... ताठ. तिच्यात कोणी पाय रोवल्यासारखी.

रोज असंच.

शेवटी मामांनी तबेल्यात शेण काढणाऱ्या नागव्वाला विचारलं.

"त्यो भीमण्णा हाय," ती म्हणाली. शेजाऱ्याचं नाव सांगावं तशी. "तुझ्या आधीचा वाटाड्या. गेल्या साली वढ्यात घोडी घसरली, त्याचा डावा पाय मोडला. चिंचंपाशी कारभाऱ्यानं उतरीवला. तिथनं तबेल्यापातुर सरपटत आला बघ. एका पाहुण्यानं घड्याळ काढून वखत मोजला."

"मग?"

"वीस मिंटं."

"भीमण्णाचं काय झालं, अक्का?"

"तिसऱ्या दिशी मेला. आता रोज बसून येतोय. येऊ दे की. तुझं काय जायलंय?"

मामांचं काही जात नव्हतं. पंचमीपर्यंत.

त्या दिवशी काळविटांचा कळप अंगावरून उधळला. बिजली बुजली. मामा दगडावर आपटले, उजवा गुडघा निखळला. पाहुण्यांनी त्यांना उचलून खोगिरावर टाकलं, "बेचारा" म्हणाले आणि चहाची वेळ झाली म्हणून पुढे निघाले.

चिंच आली. खाली वीरभद्रप्पा उभा.

"उतर."

"अण्णा, पाय टेकत न्हाई. आजच्या दिवस..."

"भीमण्णाबी असंच म्हणायलता. उतर."

वेशीतून गढीची ओसरी समोर दिसत होती. पाहुण्यांचे कप हातातच थांबले होते. एकाने खिशातून घड्याळ काढलं.

मामा उतरले नाहीत. खोगिरावर पुढे सरकले, मागे जागा केली आणि हळूच म्हणाले, "भीमण्णा, बस. दोघं जाऊ."

खोगीर करकरलं.

मानेवर श्वास आला... गार, विहिरीतल्या हवेसारखा. मागून कमरेला दोन हातांचा विळखा पडला.

बिजली निघाली.

वीरभद्रप्पाने लगामाला हात घातला. मग त्याची नजर मामांच्या खांद्यामागे गेली... आणि हात मागे आला. तो बाजूला झाला. नागव्वा म्हणायची, वाकून मुजराही केला.

तबेल्यापाशी विळखा सुटला. कोणीतरी उतरलं. धुळीत पावलं उमटत गेली... डावं, उजवं. डावं, उजवं.

दोन्ही धड.

मामा उतरायला गेले. उजवा गुडघा दुखणार, हे गृहीत होतं. दगा दिला डाव्या पायाने. तो नव्हताच जणू. नागव्वाने बाभळीचा काटा टोचला, तरी कळलं नाही.

उजवा महिन्याभरात बरा झाला. डावा पुढची सत्तावन्न वर्षं मामांनी ओढत नेला. नोकरी अर्थातच गेली. नियम मोडला होता.

कारभाऱ्याला काही झालं नाही. नव्वदीत, झोपेत, सुखाने गेला. ती पावलं त्याच्या दाराकडे वळलीच नव्हती. भीमण्णाला पाय हवा होता, तो त्याने मागे बसवून घेणाऱ्याचा घेतला. आमच्याकडच्या भुतांचाही हात आपल्यातल्याच माणसापर्यंत पोचतो.

मामा १९९६ साली वारले. तिरडीला मागचा डावा खांदा माझा. वाळून काटकी झालेलं माणूस, पण चौघांना पेलेना. मेहकरच्या वेशीपाशी रिवाजाप्रमाणे विसाव्याला तिरडी खाली ठेवली. पुन्हा उचलली, तर फुलासारखी हलकी.

सगळ्यांना बरं वाटलं.

तेव्हापासून माझा डावा पाय बधिर होतो. डॉक्टर म्हणतात, शीर दबली आहे. असेल.

मी स्कूटरवर मागे कोणाला बसवत नाही. मेहकरला गेलो, की वेशीपाशी उतरतो आणि गाडी ढकलत आत नेतो. लोक हसतात. हसू देत.

रिकामी स्कूटर एवढी जड नसते...