रेडिओ जवळ धरून ऐका

पत्र तीन तारखेला आलं आणि आज चोवीस. मी उत्तर दिलेलं नाही. रोज संध्याकाळी लिहायला बसतो, ‘स.न.’ इतकं लिहितो आणि पुढे काही सुचत नाही. आयुष्यभर वाचनालयात लोकांना पुस्तकं शोधून दिली, पण स्वतःचं एक वाक्य सापडत नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाईंशी माझी ओळख रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात झाली. मला सर्किटमध्ये बसवायचा एक ट्रान्झिस्टर हवा होता, त्यांनाही तोच, आणि दुकानदाराकडे एकच उरलेला.

“घ्या तुम्हीच,” त्या म्हणाल्या. “पण करणार काय त्याचं?”

“लोड… म्हणजे बॅटरीतून ठरावीक करंट सतत ओढायचा. ती किती वेळ टिकते ते बघायचं. मग तिच्यात किती दम उरलाय ते कळतं.”

“माणसाला लावता येतो?”

मी चष्मा पुसत बसलो. त्या हसल्या. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून त्यांची बोटं डागांनी भरली होती. मला ती फार आवडली… हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढे दर गुरुवारी त्या घरी येऊ लागल्या. मी जुळवलेला लोड काही केल्या नीट चालेना. एक अँपिअर लावावा तर मीटर कधी पाऊण दाखवी, कधी सव्वा. तारेजवळ हात नेला की आकडा बदले.

“तुम्ही जवळ आलात की बिघडतं,” मी एकदा कसाबसा म्हणालो.

“मग लांब बसू?”

“नको… तसं नाही…”

“ग्रंथपाल, तुमचं वाक्य कधी पूर्ण होणार?”

मग त्या परगावी आपल्या मुलीकडे राहायला गेल्या. फोनवर माझी बोबडी वळते हे ठाऊक असल्यानं त्यांनी पत्र लिहिलं: ‘मुलगी म्हणते, कायमची इथेच राहा. महिनाअखेर तिला उत्तर द्यायचंय. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर त्याआधी कळवा. नसेल तरी हरकत नाही. आणि लोड चालू करून रेडिओ जवळ धरून ऐका.’

मी ठरवलं, आधी लोड नीट करू, मग लिहू. रेडिओ मात्र धरला नाही. धरला असता तर लोड नीट झाला असता, आणि मग लिहावं लागलं असतं. तीन आठवडे भाग बदलत राहिलो. पाठ भरून आली, डोळे चुरचुरू लागले.

आज दुपारी धाकट्या बहिणीनं चहा टेबलावर आपटला. “दादा, त्या बाईंना तरी कळव की तू अजून जिवंत आहेस.”

मी रेडिओ आणला. स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवला, लोड चालू केला. रेडिओ कर्कश खरखरू लागला. लोड बंद, रेडिओ शांत. म्हणजे करंट स्थिर नव्हताच. जरा जास्त झाला की सर्किट घाईनं कमी करी, मग फारच कमी झाला म्हणून पुन्हा वाढवी, सेकंदाला हजारो वेळा. आणि कारण माझा टापटिपीचा सोस! दिसायला नीट म्हणून ट्रान्झिस्टर लांब बसवून वीतभर तार ओढली होती. तार बोटाएवढी केली, ट्रान्झिस्टरच्या पायाशीच एक रेझिस्टर लावला, घाई आवरायला एक छोटा कपॅसिटर. मीटरवर एक अँपिअर. हात नेला, तरी एकच. रेडिओही शांत.

आता सबब उरली नाही.

लिहिलं: ‘खरखर थांबली. तुमचंच बरोबर होतं. मी दमलोय, आणि गुरुवारी फार वाट बघतो. परत या. मला तुम्ही हव्या आहात.’

खोडायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. बहिणीनं पाकिटाला तिकीट लावून दिलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सोडलं. पडल्याचा आवाज आला. तरी कुठे अडकलं नाही ना म्हणून फटीत दोन बोटं घालून पाहिली. हाताला काही लागलं नाही.