सतरा सप्टेंबरची चेकशीट

सकाळी नऊला फोन वाजला तेव्हा श्यामलाताई टिळेकर दुसरा चहा गाळत होत्या. पलीकडे बंगाली मॅनेजर अजेय सान्याल होता. तो हिंदीत एवढंच म्हणाला, की एकतीस माद्या मारल्या गेल्या आहेत, आणि त्या आपल्या चुकीने मारल्या गेल्या आहेत.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ताईंनी सेक्टर फाइव्हमधल्या या कंपनीत अंतर्गत चौकशीचं काम धरलं होतं. बोलावलं की जायचं. चार वर्षांत त्यांनी लॅपटॉपचोर पकडले, खोट्या हजेऱ्या पकडल्या, आणि दर वेळी घरी परतताना त्यांना वाटे, पुरे झालं आता. एका थंड परदेशी प्रांताच्या शिकार खात्याची नियमपुस्तिका ही कंपनी दरवर्षी नव्याने वेबसाइटवर चढवत असे. कुठल्या विभागात कोणतं जनावर, किती परवाने, हंगाम कधी, सगळं दरवर्षी बदलायचं. उभ्या जन्मात ज्यांनी झुरळाखेरीज काही मारलं नव्हतं, ती माणसं इथे अस्वलांच्या हंगामाच्या तारखा तोंडपाठ सांगत.

यंदा चौदा नंबरच्या विभागात मूसच्या माद्यांची शिकार बंद झाली होती. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरिण. तिथला कळप रोडावला होता. पुस्तिकेत मात्र गेल्या वर्षीचं 'खुली' तसंच राहिलं. एक ऑक्टोबरला हंगाम उघडला आणि आठवड्याभरात एकतीस माद्या परवान्यानिशी पडल्या.

गुन्हेगार ठरलेलाच होता. अजेयने ताईंसमोर एक कागद सरकवला. बदललेलं प्रत्येक पान छापायचं, खात्याच्या पत्राशी ताडून पेन्सिलीने खूण करायची, खाली सही करून कपाटात कुलूपबंद ठेवायचं, अशी पद्धत. त्या कागदाला सगळे चेकशीट म्हणत. चौदा नंबरच्या चेकशीटवर 'खुली' होतं, पुढे खूण होती, खाली 'का. रा.' अशी सही होती. तळाशी छापलेली वेळ होती सतरा सप्टेंबर, दुपारचे तीन दहा. संध्याकाळी पाचला कादंबरीला काढायचं, ताईंनी फक्त अहवालावर सही करायची.

कादंबरी राजवाडे सव्वीस वर्षांची, डमडममध्ये वाढलेली. वडील निवृत्त झाल्यापासून घर तिच्यावरच होतं. निष्काळजीपणाचा शेरा घेऊन बाहेर पडली तर या धंद्यात तिला दारातही कोणी उभं केलं नसतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"ही तुझी सही?"

"माझ्यासारखी आहे, मावशी. पण ते पान मी सोळालाच तपासलं. तिथे 'बंद' होतं. मला भालो... चांगलं वाटलं होतं वाचून, म्हणून लक्षात आहे."

"सतराला आली होतीस?"

"आले होते. जेवून घरी गेले."

"कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे, अजेयदांकडे आणि केयूरदांकडे."

अजेय म्हणाला, सतराला आपण सकाळपासून इथेच होतो, दुपारपर्यंत उपाशी. ताईंनी ते टिपून घेतलं आणि केयूर दाबकेला बोलावलं. तो जुलैत पुण्याहून टीम लीडर म्हणून आला होता. त्याला खोली ताईंनीच शोधून दिली होती, आणि रविवारी तो त्यांच्याकडेच जेवत असे.

"पानं वेबसाइटवर कोण चढवतं?"

"मीच. एकोणिसाला चढवली. पण चेकशीट झालेली बघूनच चढवतो, काकू."

"आणि सतराला कुठे होतास?"

"पुण्यात. गणपतीचं विसर्जन होतं. अठराला रात्री आलो. तुम्हाला बाकरवडी नाही का आणून दिली?"

दिली होती. चांगलीही होती.

चेकशीटची प्रत काढायला ताई प्रिंटरपाशी गेल्या. झाकणावर कुंकवाचा पुसट टिळा होता आणि फटीत झेंडूची सुकलेली पाकळी अडकली होती. हा टिळा कधीचा, असं त्यांनी सफाई करणाऱ्या मंजुषादीला विचारलं. मंजुषादीने सांगितलं. ताई जवळच्या खुर्चीत बसल्या. उत्तर मिळालं होतं, पण ते त्यांना नको होतं.

साडेचारला त्यांनी तिघांना समोर बसवलं. अजेयला कळावं म्हणून हिंदीत बोलल्या.

"सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा असते. आम्ही यंत्रांना दसऱ्याला हार घालतो, इथे तो सतराला घालतात. त्या दिवशी या मजल्यावर सगळी यंत्रं बंद असतात. प्रिंटरची वायर काढून ठेवली होती. अजेय उपास धरून पूजेला बसला होता, कादंबरी खिचडी जेवून गेली. मग तीन दहाला हे पान छापलं कोणी?"

त्यांनी चेकशीट टेबलाच्या मधोमध ठेवली.

"कोणीच नाही. कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन ते काल-परवा छापलंय. खोटा कागद करायला अजेय किंवा कादंबरी ही तारीख जन्मात निवडणार नाहीत. ती निवडणाऱ्याला एवढंच माहीत होतं, की त्या दिवशी आपण इथे नव्हतो, म्हणजे आपल्यावर बालंट येणार नाही." पुढचं त्या मराठीत बोलल्या. "इथे नव्हतास, केयूर, म्हणूनच तो दिवस कसा गेला ते तुला कळलं नाही. वीस वर्षं राहून मलाही टिळा दिसेपर्यंत आठवलं नव्हतं."

केयूरने फार ताणलं नाही. एकोणिसाला पानातला तक्ता सारखा विस्कटत होता. वेळ नव्हता, म्हणून त्याने गेल्या वर्षीचं पान तसंच बसवलं आणि एक शब्द बदलायचा राहिला. परवा खात्याचं तक्रारीचं पत्र आलं तेव्हा त्याने खरी चेकशीट फाडून खोटी ठेवली. डिसेंबरात तो कायम व्हायचा होता.

"ती इथलीच आहे, काकू. तिला दुसरं काहीतरी मिळालं असतं. मी घरी काय तोंड दाखवणार होतो?"

ताईंना राग आला, आणि रागाहून जास्त थकवा. याला आपण हाताने वाढलं, हे मनातून जाईना.

"रविवारी येऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

अजेय उठून कादंबरीची माफी मागू लागला. तिचं लक्ष नव्हतं.

"ते पान बदललं ना?" तिने विचारलं.

अजेय म्हणाला, दोष ठरेपर्यंत कशालाही हात लावू नका, असं वकिलांनी सांगितलंय.

म्हणजे पान अजून 'खुली'च होतं. सकाळी नऊपासून ताईंनी माणसांना शंभर प्रश्न विचारले होते, आणि हा एक त्यांना सुचला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

साडेपाच होत आले होते. तिकडे आता पहाट होत असणार, बंदुका घेऊन माणसं घराबाहेर पडत असणार. कादंबरीने केयूरकडे न बघता पासवर्ड मागितला. त्याने तो हळू आवाजात सांगितला. अजेय काहीतरी बोलायला गेला, पण तोवर ती चौदा नंबरचं पान उघडून 'बंद' लिहून मोकळी झाली होती.