सकीनाचाचीची खोळ

मला किळस फार लवकर येते, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्याच्या ताटातलं मी खात नाही. लग्नघरी मुक्काम पडला तर ओढणीची घडी करून डोक्याखाली घेते. आणि नोकरी कुठे, तर मंगरूळपीरला रहीमचाचांच्या गादीच्या दुकानात! हसा खुशाल.

लोक जुन्या गाद्या-उशा आणून टाकतात. चाचा त्यातला कापूस पिंजतात, मी नव्या खोळी शिवते. चाचांचा एक नियम आहे. ज्याचा कापूस, त्यालाच परत गेला पाहिजे. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याला त्याच्याच जुन्या खोळीची चिंधी बांधायची. ‘मानूस आपल्या कापसात मुरलेला असते, बेटा,’ चाचा म्हणतात. घाम, तेल, लाळ, पोरांचं मूत... मुरलेला असतो खराच. मी नाकाला ओढणी बांधून काम करते.

दुकानात वरच्या फळीवर एक उशी होती. चाचांच्या बायकोची, सकीनाचाचीची. चाची गेल्याला तीन वर्षं झाली, शेवटची दोन वर्षं ती त्याच उशीवर पडून होती. खोळीवर मधोमध डोक्याएवढा तेलकट पिवळा डाग, आणि एका कोपऱ्यात लाळेचं वाळलेलं तळं. पावसाळी हवेत त्या उशीला शिळ्या खोबरेल तेलाचा आणि मेंदीचा वास सुटायचा. चाची केसांना मेंदी लावायची. पंख्याचा झोत तिकडून आला, की माझ्या घशाशी येई.

चाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला निघाले, तेव्हा बजावून गेले, “ती उशी विकायची नाही. अन् खोळही काढू नोको.”

“किती मळली हो, चाचा.”

“मळू दे.”

आठ दिवस तो डाग एकटीने बघायचा? मला ते जमेना. दुसऱ्याच दिवशी चिमट्यात धरावी तशी ती दोन बोटांनी खाली ओढली, टाके उसवले, मान वळवून आतला सावरीचा कापूस जसाच्या तसा नव्या खोळीत सरकवला. पांढऱ्यावर निळी फुलं. त्याच कापडाच्या वीसेक उशा मी त्या आठवड्यात विक्रीला शिवल्या होत्या. जुनी खोळ धुवायला खिळ्याला अडकवली, उशी तेवढ्यापुरती विक्रीच्या उशांवर टेकवली. चिंधी बांधायची राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा राहिली.

त्या दिवशी आठवडी बाजार होता, दुकानात गर्दी. मेडशीच्या फाट्यावर चहाचं हॉटेल असलेला धनसिंग म्हणून एक माणूस आला. मान आखडली होती बिचाऱ्याची. त्याने एकेक उशी दाबून पाहिली, गाल लावून पाहिला, आणि एकीवरून डोकं उचलेचना. “हेच पाह्यजे,” म्हणाला. मी पिशवीत घालून दिली.

पाचव्या दिवशी चाचांचा फोन आला. “उशी हाय ना जाग्यावर? त्यात तुबाचा हार हाय, बेटा. सकीनानं सिवून ठेवला. चोर सारं घर उलथंल, पन असल्या मळक्या उशीले हात कोन लावते?”

तुबा त्यांची नात. तिचा निकाह पुढच्या शुक्रवारी होता. मी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. मग विक्रीच्या उशा एकेक दाबून पाहिल्या. सगळ्या साध्या कापसाच्या निघाल्या. मग उशीवरून डोकं न उचलणारा धनसिंग आठवला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. एक नवी उशी काखेत मारली आणि वाशीमला गाडी बदलून भर दुपारी मेडशीला उतरले. हॉटेल बंद. मागे घर होतं. दार ढकललं आणि तोच वास आला. शिळं खोबरेल, मेंदी, आणि त्याखाली तोंड न धुतलेल्या माणसाचा आंबूस दर्प.

धनसिंगची बायको गोमतीबाई आत दाराशीच बसली होती. “पाच दिवस झाले, बाई, त्याहीच्या पोटात अन्नाचा कन नाही. डाक्टर म्हनते घसा साफ हाय. पन सकाळी उठले, का तोंडात...” पुढे तिने हातानेच नको म्हटलं.

धनसिंग खाटेवर उशी मांडीत घेऊन बसला होता. निळ्या फुलांच्या खोळीवर मधोमध पिवळा डाग पडला होता. तेवढाच, त्याच जागी. कोपऱ्यात लाळेचं तळं, अजून ओलं.

“दादा, ही उशी चुकून दिली गेली. बदलून देते.”

त्याने मान वर केली. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी चिकटलं होतं. गोमतीबाई पुढे झाली, तिने ते बोटाला गुंडाळलं आणि हळूहळू ओढू लागली. केस. मुळाशी पांढरा, पुढे मेंदीचा तांबडा. येतोय... येतोय... हातभर झाला तरी येतोच आहे, लाळेने चकाकत. धनसिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवट सुटला तेव्हा घशातून चिखलातून पाय निघावा तसा आवाज झाला. मी भिंतीला धरून तिथेच ओकले.

“ते बाई रोज इचारून राह्यली,” धनसिंग अगदी हळू बोलला. “म्हनते... माही खोळ कोनं बदलली?”

मी नवी उशी खाटेवर ठेवली. त्याच्या मांडीतून उशी उचलली. ती गरम होती आणि पोटुशी मांजर उचलावी तशी जड. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

दुकानात येऊन जुनी खोळ आधी चढवली. नशीब, धुतली नव्हती. हात साबणाने सात वेळा घासले. दोन दिवसांनी चाचा आले, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी उशी छातीशी धरली, हुंगली, पुन्हा हुंगली.

“नीलिमा, हे मधात कोनाच्या घरी गेलती काय?”

“नाही, चाचा. काहून?”

“सकीना बोलून गेली हाय. ही उशी परक्याच्या डोक्याखाली गेली, तं यातलं काही पोरीच्या अंगावर घालू नोका.”

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सहा वर्षांची नोकरी, चाचांचा विश्वास, पोरीचा चार दिवसांवर आलेला निकाह! आणि खरं सांगू? ते सगळं पुन्हा तोंडाने बोलायचीच मला किळस आली.

“फळीवरच होती,” मी म्हटलं.

चाचांनी टाके उसवले. आत कापूस कोरडा, पांढराशुभ्र. एकही केस नाही. हार निघाला, लखलखीत. फक्त त्याच्या कडीत एक तांबडा केस अडकला होता. चाचांनी तो काढला नाही. “असू दे, तिचाच हाय,” म्हणाले आणि चष्म्याआडून डोळे पुसले. शुक्रवारी तुबाच्या गळ्यात तो हार होता. मी बिर्याणीला हात लावला नाही.

महिन्याने, म्हणजे काल दुपारी, तुबा माहेरी आली आणि दुकानात येऊन बसली. वाळली होती. हार गळ्यातच. चाचा आत कापूस पिंजत होते. ती भिंतीकडे तोंड करून किती वेळ बोटाला काहीतरी गुंडाळत होती. मी पाणी पुढे केलं.

“नोको, खाला. गिळवत नाही.” मग ती माझ्याकडे वळली, ओठ ओले. “दादी रोज रात्री एकच इचारते... तिची खोळ कोनं बदलली म्हने. मी म्हनलं, मले काय मालूम? मी नीलिमाखालाले इचारतो.”

आता सांगून टाकायचं, मी ठरवलं. चाचा, हार काढा पोरीच्या गळ्यातला. मीच बदलली, मीच विकली. मी तोंड उघडलं.

जिभेखाली काहीतरी आडवं आलं. लांब होतं, आणि त्याला मेंदीची चव होती.